गाळाचे थर आणि दाबाच्या रेघा: गोव्यातील निम्न श्रेणीच्या रूपांतरित खडकांचे वाचन कसे करावे

दोनापावलाच्या टोकाशी ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा काळपट-हिरवट खडक महाराष्ट्रातून आलेल्या बहुतेकांना बेसॉल्ट वाटतो. काळा कातळ म्हणजे सह्याद्रीचा लाव्हा, हे समीकरण आपल्या डोळ्यांत लहानपणापासून पक्के झालेले असते. प्रत्यक्षात हा खडक समुद्रतळावर साचलेल्या वाळूचा आणि चिखलाचा आहे. तो अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे, आणि साचल्यानंतर तो जमिनीत कित्येक किलोमीटर खोल गाडला गेला, दाबला गेला, घड्यांमध्ये मुडपला गेला आणि मग पुन्हा वर आला. एवढे सगळे सोसूनही त्यातील वाळूचे थर आजही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. निम्न श्रेणीच्या प्रादेशिक रूपांतरणाचे, म्हणजे खोलवरच्या दाबाने आणि मध्यम उष्णतेने न वितळता बदललेले, खडक मला सर्वांत मोलाचे वाटतात ते याच कारणाने. उच्च श्रेणीच्या रूपांतरणात मूळ गाळाची ओळख पुसली जाते, तर अजिबात रूपांतर न झालेल्या खडकात पर्वतनिर्मितीची खूण उमटलेली नसते. या मधल्या खडकांत गाळाची आणि दाबाची अशा दोन्ही आठवणी एकाच हातभर कातळात शेजारी शेजारी नांदत असतात.

अडचणही तिथेच येते, कारण या दोन आठवणी एकमेकींसारख्या दिसतात. दोन्ही खडकात समांतर रेघा काढतात. एकीला दुसरी समजले की पुढचा सगळा अर्थ चुकतो. हा लेख मुख्यतः ती चूक टाळण्याच्या पद्धतीविषयी आहे. तो भूविज्ञानाच्या पदवी वर्गातील विद्यार्थ्यांसाठी, तसेच हातात भिंग घेऊन किनाऱ्यावर उतरण्याची तयारी असलेल्या कोणाही जिज्ञासू वाचकासाठी लिहिला आहे.

निघण्यापूर्वी

गोव्यातील हे खडक ‘गोवा गट’ या नावाने ओळखले जातात आणि ते कर्नाटकातील धारवाड महासंघाचे, त्यातही चित्रदुर्ग गटाचे, वायव्येकडील टोक मानले जातात. गटाचे चार भाग पाडलेले आहेत. तळाशी बार्से शैलसमूह असून त्यात प्रामुख्याने रूपांतरित ज्वालामुखी खडक आहेत. त्यावर सावर्डे शैलसमूह येतो, ज्यात ग्रेवॅक नावाचा मळकट वाळूचा खडक, आर्जिलाइट (घट्ट झालेल्या चिखलाचा खडक) आणि संगुटिकाश्म (गोटे एकत्र सांधून झालेला खडक) आढळतात. त्याच्या वर लोहखनिजामुळे प्रसिद्ध झालेला डिचोली शैलसमूह आहे, आणि सर्वांत वर, सत्तरीतील डोंगराचे नाव लाभलेला, वागेरी शैलसमूह. या सर्वांची साधारण रांग वायव्य-आग्नेय आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर भूवैज्ञानिक नकाशे पाहता येतात. जाण्यापूर्वी आपल्या भागाचा नकाशा नीट अभ्यासावा आणि त्यावरील सीमारेषा वहीत हाताने उतरवून घ्याव्यात. हाताने काढलेली रेषा लक्षात राहते, म्हणून हे काम मोबाइलच्या पडद्यावर सोडू नये.

साहित्य थोडे लागते. दहापट मोठे दाखवणारे भिंग, क्लायनोमीटर (उताराचा कोन मोजणारे साधन) असलेले होकायंत्र, पोलादी चाकू, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली, मोजपट्टी, पेन्सिल आणि पाण्याने न भिजणारी वही एवढे पुरेसे आहे. हातोडा न्यावा, पण किनाऱ्यावरील चांगल्या दर्शनीय खडकावर तो चालवू नये. शेजारी पडलेला सुटा तुकडा जवळजवळ नेहमीच काम भागवतो.

वेळेची निवड साहित्यापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. गोवा आणि दक्षिण कोकणात जमिनीवरचा बहुतेक भाग जांभ्याने झाकलेला आहे, आणि जांभ्याखालील खडकही बऱ्याच खोलीपर्यंत कुजून लाल-गुलाबी माती झालेला असतो. ताजा खडक पाहायचा तर समुद्राने घासून ठेवलेला किनारा, नदीचे पात्र किंवा रस्त्यासाठी नुकताच कापलेला डोंगर शोधावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी अधिक खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे कातळ उघडे पडतात. त्या दिवसांचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ओहोटीच्या तळापूर्वी दोन तास आधी पोहोचावे आणि पाणी वळल्यावर लगेच वर यावे. शेवाळलेला कातळ अत्यंत निसरडा असतो आणि त्यावरची कालवे तळपाय चिरतात, म्हणून चपलांऐवजी बूट घालून उतरावे. पावसाळ्यात किनाऱ्यावर हे काम करूच नये. डिचोली, सत्तरी आणि सांगे या भागांतील बंद खाणींचे खड्डे पाण्याने भरलेले आणि त्यांचे काठ ढासळणारे असतात. परवानगीशिवाय आणि एकट्याने तिकडे जाऊ नये.

आधी गाळ ओळखा

पहिले काम रूपांतरण शोधण्याचे नाही. खडक रूपांतरित आहे हे क्षणभर विसरावे आणि तो कसा साचला असेल, एवढेच विचारावे.

कातळाचा स्वच्छ, ओला भाग निवडावा. ओल्या पृष्ठभागावर रंगांतील फरक उठून दिसतो. रंगांचे किंवा कणांच्या आकाराचे पट्टे दिसतात का ते पाहावे. ग्रेवॅकच्या कातळात एखादा पंजाएवढ्या जाडीचा थर निवडून त्याच्यावर भिंग सरकवत न्यावे. एका कडेला रवाळ कण दिसतील: काचेसारखे धुरकट क्वॉर्ट्झ, दुधी फेल्डस्पार, आणि मधूनमधून कुठल्या तरी जुन्या खडकाचा बारीक कपचा. हे कण चाळून निवडलेल्या वाळूसारखे एकसारखे नसतात. लहान-मोठे, कोनदार कण हिरवट-करड्या बारीक लगद्यात बसलेले असतात. भिंग थोडे पुढे नेले की कण बारीक होत जातात, आणखी पुढे बोटाला जाणवेनासे होतात, आणि शेवटी गुळगुळीत, गडद चिखलाचा पट्टा येतो. त्याच्यापुढे एकदम, चाकूने कापल्यासारखी सीमा येऊन पुन्हा रवाळ वाळू सुरू होते.

या एका थरात एक घटना नोंदलेली आहे. समुद्रतळाच्या उतारावरून गढूळ पाण्याचा जड लोट खाली धावला. त्याचा वेग मंदावताना आधी जड कण बसले, मग हलके, आणि शेवटी चिखल. हे काही तासांत किंवा दिवसांत झाले असेल. पुढचा लोट येण्यापूर्वी कदाचित शेकडो वर्षे गेली असतील. कण कोनदार आहेत म्हणजे ते फार दूरून घरंगळत आलेले नाहीत आणि त्यांना किनाऱ्यावर लाटांनी फार काळ घासलेले नाही. फेल्डस्पार टिकून आहे म्हणजे तो कुजण्यापूर्वीच गाडला गेला. जवळच एखादा उंच, वेगाने झिजणारा प्रदेश होता आणि त्याच्या पायथ्याशी खोल पाणी होते, हा निष्कर्ष अशा ग्रेवॅकवरून काढता येतो. भूसंरचनात्मक इतिहासाचे पहिले वाक्य रूपांतरणाच्या आधीच, त्या वाळूत लिहिलेले असते.

या थराचा दुसरा उपयोग त्याहून व्यावहारिक आहे. रवाळ कडा म्हणजे थराचा मूळ तळ आणि चिखलाची कडा म्हणजे मूळ माथा. घड्या पडलेल्या प्रदेशात थर उलटे झालेले असू शकतात, म्हणून प्रत्येक कातळावर ‘वर कोणती बाजू’ हे ठरवून वहीत बाणाने दाखवावे. एका थरावर विसंबू नये. लागोपाठ किमान पाच-सहा थरांत एकच दिशा मिळाली तरच बाण काढावा. वाळूच्या थराच्या तळाशी चिखलात रुतलेले फुगवटे दिसले तर तेही तळाचीच साक्ष देतात.

मग स्तरणाची, म्हणजे गाळाच्या थरांच्या पातळीची, मोजणी करावी. थराच्या पातळीवर पाणी ओतल्यास ते ज्या दिशेने धावेल ती डिपची दिशा, आडव्या पातळीशी होणारा कोन म्हणजे डिप, आणि त्या दिशेला काटकोनात असलेली आडवी रेषा म्हणजे स्ट्राइक. तिन्ही गोष्टी लिहाव्यात आणि पुढे ‘स्तरण’ असे स्पष्ट नोंदवावे. नुसता आकडा लिहिलेली नोंद निरुपयोगी असते.

मग दाबाच्या रेघा

आता त्याच कातळावर दुसरी रेघ शोधावी. चिखलाच्या पट्ट्यात खडक पातळ पापुद्र्यांत फुटण्याची प्रवृत्ती दिसते. ते पापुद्रे बहुधा थराला समांतर नसतात, त्याला तिरके छेदतात. या फुटण्याच्या प्रवृत्तीला पाटन म्हणतात. जुन्या शाळांतल्या लिहिण्याच्या पाट्या ज्या दगडापासून बनत, त्या दगडाची पाटी होऊ शकते ती याच गुणामुळे. पाटीचा सपाट पृष्ठभाग म्हणजे गाळाचा थर नव्हे, तर पाटनाची पातळी असते.

पाटन कसे तयार होते हे समजले की ते ओळखणे सोपे जाते. प्रदेश बाजूंनी दाबला जातो तेव्हा चिखलातील अभ्रकासारखी पातळ खनिजे दाबाच्या दिशेला काटकोनात वळतात आणि नवी खनिजे त्याच दिशेने वाढतात. त्याच वेळी क्वॉर्ट्झचे कण दाबाच्या बाजूने विरघळतात. विरघळलेली सिलिका पाण्याबरोबर सरकून जवळच्या भेगांत पांढऱ्या शिरांच्या रूपाने बसते, आणि मागे न विरघळणाऱ्या अभ्रकाच्या गडद रेघा उरतात. म्हणजे पाटनाची पातळी आपल्याला सांगते की प्रदेश कोणत्या दिशेने आक्रसला. गोव्यात मुख्य रांग वायव्य-आग्नेय असेल तर मुख्य आक्रसण ईशान्य-नैर्ऋत्य होते, हा अंदाज यातूनच येतो.

वाळूच्या थरात पाटन विरळ आणि जाडसर असते, चिखलात दाट आणि बारीक. एकाच पाटनाची दिशा वाळूतून चिखलात जाताना वळते: वाळूत ती स्तरणाशी मोठा कोन करते, चिखलात लहान. वर वर्णन केलेल्या, हळूहळू बारीक होत जाणाऱ्या थरात पाटनाची रेघ तळापासून माथ्याकडे हलकेच वाकत जाते आणि पुढच्या थराच्या तळाशी एकदम झटका घेऊन सरळ होते. भिंगातूनही कणांचा आकार नीट दिसत नसेल, तर ही वाकलेली रेघ थराचा माथा कुठे आहे हे सांगते.

विद्यार्थी असताना एका सहलीत मी अख्खा दिवस पाटनाच्या नोंदी घेतल्या आणि त्या स्तरणाच्या म्हणून नकाशावर मांडल्या. सगळे आकडे एकमेकांशी इतके सुंदर जुळत होते की शंका आली नाही. नकाशावर मैलोन्‌मैल एकाच दिशेला झुकलेले, एकही घडी नसलेले थर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तेच कातळ पुन्हा पाहिल्यावर रंगाचे फिकट पट्टे त्या पापुद्र्यांना आडवे जाताना दिसले आणि सगळा नकाशा खोडावा लागला. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: जो पृष्ठभाग फुटतो त्याला स्तरण म्हणायचे नाही. कणांचा आकार, रंग किंवा खनिज ज्या पातळीवर बदलते, तेच स्तरण.

दोन कोनांचे गणित

स्तरण आणि पाटन दोन्ही मोजून झाले की त्यांच्यातील नाते घडीचा आकार सांगते, मग प्रत्यक्ष घडी दिसत असो वा नसो. पहिल्या पिढीच्या घड्यांबरोबर तयार झालेले पाटन साधारणपणे घडीच्या मध्यपातळीला समांतर असते, हे यामागचे तत्त्व.

समजा, एका कातळावर स्तरण ईशान्येकडे ४० अंशांनी झुकले आहे आणि पाटन त्याच दिशेला ७० अंशांनी. पाटन अधिक खडे आहे, म्हणजे थर सुलटे आहेत, आणि वर फुगलेल्या घडीचा, म्हणजे अपनतीचा, माथा आपल्या नैर्ऋत्येला असला पाहिजे. आता काही अंतर पुढे गेल्यावर स्तरण ईशान्येकडेच पण ७५ अंशांनी आणि पाटन ५० अंशांनी झुकलेले मिळाले, तर स्तरण पाटनापेक्षा खडे आहे. येथे घडीची बाजू उलटलेली आहे आणि जुने थर नव्या थरांवर आलेले आहेत. थराच्या रवाळ-बारीक क्रमावरून काढलेला बाण हाच निष्कर्ष देतो का, हे लगेच पडताळावे. दोन स्वतंत्र पुरावे जुळले तर नोंद पक्की. जुळले नाहीत तर ती जागा सर्वांत महत्त्वाची समजावी, कारण तिथे बहुधा घड्यांची दुसरी पिढी आहे किंवा पाटनच नंतरचे आहे.

दोन पातळ्या जिथे एकमेकींना छेदतात ती रेषा पाटनाच्या पृष्ठभागावर बारीक पट्ट्यांच्या रूपाने दिसते. तिची दिशा आणि कल मोजावा. घडीचा अक्ष साधारण त्याच दिशेने जातो. ही मोजणी करायला एक मिनिट लागते आणि तरीही बहुतेक वह्यांत ती नसते.

दुसऱ्या पिढीचा दाब ओळखण्याची खूण फायलाइटमध्ये (पाटीच्या दगडाहून थोड्या अधिक तापलेल्या चिखलाच्या खडकात) सर्वांत चांगली मिळते. रेशमी चमक असलेल्या पृष्ठभागावर, नव्या साडीला पडलेल्या चुण्यांसारख्या, मिलिमीटरभर रुंदीच्या सुरकुत्या दिसल्या तर आधी तयार झालेले पाटन नंतर पुन्हा दाबले गेले आहे. सुरकुत्यांचा क्रम नेहमी स्पष्ट लिहावा: स्तरण शून्य क्रमांक, पहिले पाटन एक, चुरगळीचे पाटन दोन. दिशा सारखी आहे म्हणून दोन ठिकाणच्या सुरकुत्यांना एकाच पिढीचे ठरवू नये. कोण कोणाला मुडपतो, हाच निकष.

डिचोली परिसरात एक विशेष काळजी घ्यावी लागते. तिथल्या पट्टेदार लोहखडकात मॅग्नेटाइट असल्याने होकायंत्राची सुई भरकटते. खडकाच्या जवळ आणि दहा पावले दूर अशा दोन ठिकाणी एकाच लांबच्या खुणेची दिशा मोजून पाहावी. फरक पडला तर त्या कातळावर सुईवर विसंबू नये. दूरच्या ओळखीच्या टेकडीच्या किंवा देवळाच्या संदर्भाने नकाशावरून दिशा काढावी.

किती तापमान, किती खोली

श्रेणी ठरवण्यासाठी योग्य खडक निवडणे हेच अर्धे काम आहे. शुद्ध क्वॉर्ट्झची वाळू दोनशे अंशांवरही क्वॉर्ट्झच असते आणि पाचशे अंशांवरही क्वॉर्ट्झच. ती तापमान सांगत नाही. चिखलाचे खडक सांगतात, आणि त्याहून चांगले सांगतात ते मूळचे बेसॉल्ट.

चिखल तापत जातो तसा त्यातील मातीची खनिजे आधी इलाइट आणि मग सेरिसाइट नावाच्या बारीक अभ्रकात बदलतात. लोह-मॅग्नेशियमपासून हिरवे क्लोराइट तयार होते. कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि चमक मंद आहे, तो स्लेट. चमक रेशमी झाली पण कण वेगळे दिसत नाहीत, तो फायलाइट. अभ्रकाचे पत्रे वेगळे दिसू लागले, तो शिस्ट. क्लोराइटनंतर तपकिरी बायोटाइटचे ठिपके दिसू लागले की तापमान साधारण चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले असावे, आणि गार्नेट दिसले तर त्याहून वर. खनिजांच्या क्रमाने असे पट्टे आखण्याची पद्धत जॉर्ज बॅरो यांनी स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात १८९३ मध्ये मांडली आणि ती आजही क्षेत्रात पहिली उपयोगी पडते. बार्से शैलसमूहातील मूळ बेसॉल्टमध्ये क्लोराइट, पिस्त्याच्या रंगाचे एपिडोट, सुयांसारखे अ‍ॅक्टिनोलाइट आणि अल्बाइट एकत्र दिसले, तर तो ‘ग्रीनशिस्ट’ अवस्थेतील खडक होय. म्हणजे ढोबळपणे तीनशे ते पाचशे अंशांदरम्यान. गोवा गटाचे रूपांतरण मुख्यतः या अवस्थेचे आहे.

येथे एका फसव्या गोष्टीचा इशारा दिला पाहिजे. खाणीच्या आणि रस्त्याच्या कडांवर दिसणारा गुलाबी, पांढरा, हळदी रंगाचा ‘फायलाइट’ बघताना तो रंग रूपांतरणाचा समजू नये. तो उष्ण कटिबंधातील पावसाने खडक कुजवल्याचा रंग आहे. क्लोराइटमधील लोह गंजून गेले आणि फेल्डस्पारचा केओलिन झाला. त्यात पाटन दिसते, म्हणून मोजणी करता येते, पण खनिजांवरून तापमान काढता येत नाही. नखाने ओरखडा उठत असेल किंवा तुकडा जिभेला चिकटत असेल, तर तो नमुना श्रेणी ठरवण्यासाठी घेऊ नये.

तापमानावरून खोलीचा अंदाज साध्या भागाकाराने येतो. आजच्या स्थिर भूखंडीय कवचात तापमान दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढते असे धरले, तर ३५० अंशांसाठी (पृष्ठभागाचे सुमारे २५ अंश वजा करून) सुमारे ११ ते १३ किलोमीटर खोली लागते. पण आर्ष महाकल्पातील (अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या काळातील) पृथ्वी आतून अधिक तप्त होती आणि तिचा उष्णतेचा चढ बहुधा अधिक तीव्र होता. तेव्हा हा आकडा कमाल मर्यादेकडे झुकणारा समजावा. दाबाचे गणित वेगळे: कवचाचा एक किलोमीटर जाडीचा खडक सुमारे ०.२७ किलोबार दाब देतो.

प्रयोगशाळेची सोय असेल तर तीन चाचण्या उपयोगी पडतात. पहिली, ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद करून ध्रुवण-सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. हिला पर्याय नाही. दुसरी, क्ष-किरण विवर्तनाने इलाइटची स्फटिकता मोजणे. आलेखातील इलाइटचे शिखर जितके अरुंद, तितका खडक अधिक तापलेला. कुब्लर निर्देशांक नावाच्या या मापात ०.४२ अंशांहून मोठी रुंदी म्हणजे केवळ गाडला गेलेला गाळ, ०.४२ ते ०.२५ म्हणजे रूपांतरणाचा उंबरठा, आणि ०.२५ हून कमी म्हणजे ग्रीनशिस्टकडे गेलेला खडक. या दोन सीमा ढोबळपणे दोनशे आणि तीनशे अंश सेल्सिअसच्या मानल्या जातात. गोव्याचे बहुतेक खडक या मापाच्या टोकाला पोहोचलेले असल्याने ही चाचणी येथे श्रेणी नव्याने ठरवण्यापेक्षा ती पडताळण्याच्याच कामी येते. तिसरी, काळ्या आर्जिलाइटमधील कार्बनची रामन वर्णपटाने तपासणी. साधारण ३३० ते ६५० अंशांच्या दरम्यान ती चांगले काम करते. जीवाश्मांच्या रंगावरून तापमान ठरवण्याच्या पद्धती येथे लागू नाहीत, कारण या गाळाच्या काळात कवचधारी जीव अस्तित्वातच नव्हते.

वय एक नसते

‘हा खडक किती जुना?’ हा प्रश्न रूपांतरित गाळाला विचारता येत नाही. त्याचे किमान तीन भाग करावे लागतात. गाळ केव्हा साचला, तो केव्हा दाबला-तापवला गेला, आणि तो वर केव्हा आला. ग्रेवॅकमधील झिरकॉनचे कण युरेनियम-शिसे पद्धतीने मोजले तर ते ज्या जुन्या पर्वतातून झिजून आले त्याचे वय मिळते. गाळ त्यातील सर्वांत तरुण कणापेक्षा जुना असू शकत नाही, एवढेच यातून ठरते. पाटनावर वाढलेल्या अभ्रकाचे आर्गॉन-आर्गॉन वय रूपांतरणाच्या जवळ जाते. पाटनाला छेदून घुसलेल्या ग्रॅनाइटचे वय रूपांतरणाची अलीकडची सीमा देते.

गोव्याच्या सीमेवर, अनमोड घाटातील नाइसचे (उच्च श्रेणीच्या पट्टेदार रूपांतरित खडकाचे) वय रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने सुमारे ३४० कोटी वर्षे आणि पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावरील ग्रॅनाइटी नाइसचे सुमारे २६५ कोटी वर्षे काढले गेले आहे. अशा जुन्या मोजण्यांत दहा-दहा कोटी वर्षांचा किंवा त्याहून अधिक संदेह असतो, आणि नंतरच्या तापण्याने हे घड्याळ पुन्हा शून्यावर आलेले असू शकते. तेव्हा आकडा लिहिताना पद्धत आणि त्रुटी दोन्ही लिहाव्यात. पश्चिम धारवाड कवचखंडाचे सर्वसाधारण चित्र असे: तीनशे कोटी वर्षांहून जुन्या नाइसच्या पायावर द्रोणी तयार झाल्या, त्यांत लाव्हा, वाळू, चिखल आणि प्राणवायूविरहित समुद्रातून अवक्षेपित झालेले लोह साचले, आणि सुमारे २६० ते २५० कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडील आणि पूर्वेकडील भूखंड एकमेकांवर दाबले जाऊन या द्रोणी मिटल्या. कर्नाटकातील प्रसिद्ध क्लोजपेट ग्रॅनाइट याच शेवटच्या टप्प्यातील, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

शेजारचे खडक तुलनेला घ्या

एकाच जातीचे खडक पाहून श्रेणीची जाण येत नाही. दक्षिण कोकणातील वाचकाला तुलनेची उत्तम सोय आहे. सिंधुदुर्गात रेडीच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात गोव्याचेच धारवाडी खडक पुढे येतात, आणि त्याच जिल्ह्यात कलादगीचे वालुकाश्मही आहेत. कलादगीचा गाळ त्याहून खूप नंतरचा आहे. त्याचा खालचा बागलकोट गट घड्यांत मुडपला गेला, वरचा बदामी गट जवळजवळ आडवा राहिला, आणि दोन्हींत रूपांतरण नगण्य आहे. वालुकाश्मावरील लाटांच्या ठशांवर हात फिरवावा आणि त्याच दिवशी धारवाडी फायलाइटवर फिरवावा. ‘श्रेणी’ या शब्दाचा अर्थ बोटांना कळतो. विदर्भातील वाचकांसाठी भंडारा-गोंदिया भागातील साकोली गटाचे स्लेट, फायलाइट आणि क्लोराइट शिस्ट हे निम्न श्रेणीचे, तर उत्तरेकडील मॅंगनीजयुक्त सौसर गटाचे खडक अधिक तापलेले आहेत.

घटनांची वही

शेवटचे काम टेबलावर करावे, पण त्याच संध्याकाळी. वहीचे उजवे पान पाहिलेल्या गोष्टींसाठी ठेवावे, डावे पान निष्कर्षांसाठी. डाव्या पानावर घटना जुन्याकडून नव्याकडे लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर ज्या कातळावर ती दिसली त्याचा क्रमांक लिहावा. पुरावा नसलेली घटना, ती कितीही संभाव्य वाटली तरी, पेन्सिलीने कंसात ठेवावी. ‘भूकवचाच्या हालचालींमुळे रूपांतरण झाले’ असे मोघम वाक्य लिहू नये. कोणते पाटन, कोणत्या खनिजांसह, कोणत्या घडीबरोबर, हे लिहावे.

या वहीतील शेवटच्या ओळीसाठी हणजुणच्या किनाऱ्यावर जावे. तिथे ग्रेवॅक आणि आर्जिलाइटला छेदून बेसॉल्टी डाइक (भेगेत घुसून गोठलेल्या भिंतीसारख्या शिरा) गेलेल्या दिसतात. गोव्यातील अशा कित्येक डाइक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या ज्वालामुखी काळाशी जोडल्या जातात. एखाद्या डाइकच्या कडेला भिंग लावावे. कडेचा सेंटिमीटरभर भाग मधल्या भागापेक्षा बारीक, जवळजवळ काचेसारखा असेल, कारण तप्त शिलारस थंड कातळाला टेकताच गोठला. म्हणजे तोवर ग्रेवॅक वर येऊन निवलेला होता. मग ग्रेवॅकमधील पाटनाच्या रेघा बोटाने डाइकच्या कडेपर्यंत न्याव्यात. त्या तिथे थांबतात, डाइकमध्ये शिरत नाहीत. पलीकडच्या कडेला त्याच कोनात त्या पुन्हा सुरू होतात का, ते मोजून लिहावे.